खिडकीतली पाटी: अमेरिकी राज्यघटनेतले हक्क कोणाविरुद्ध असतात?

डिसेंबर १९९०. इराकने कुवेत गिळून चार महिने झाले होते आणि अमेरिका युद्धात उतरणार अशी हवा होती. मिझुरी राज्यात सेंट लुईसला लागून लाड्यू नावाचं एक सधन गाव आहे. तिथल्या मार्गारेट गिलिओ यांनी घरापुढच्या हिरवळीवर पाटी रोवली: आखाती युद्धाला नाही म्हणा, काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) फोन करा. पाटी गायब झाली. दुसरी लावली, तर तीही कोणीतरी पाडली. बाई तक्रार घेऊन पोलिसांकडे गेल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांनाच सांगितलं की गावात अशा पाट्यांना बंदी आहे. पाट्यांमुळे परिसर विद्रूप होतो, घरांच्या किमती पडतात, असं पालिकेचं म्हणणं. बाई कोर्टात गेल्या. पुढे त्यांनी वरच्या मजल्याच्या खिडकीत साडेआठ बाय अकरा इंचांचा, म्हणजे साध्या टायपिंगच्या कागदाएवढा फलक चिकटवला. मजकूर एका ओळीचा, आखातात शांतता हवी एवढाच. पालिकेने जुना नियम रद्द करून नवा आणला आणि खिडकीतल्या पाट्याही त्यात बसवल्या. शेवटी जून १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. पालिकेचा नियम घटनाबाह्य ठरला.

आता दुसरी पाटी. न्यू जर्सीत ट्विन रिव्हर्स नावाची सुमारे दहा हजार वस्तीची वसाहत आहे. तिथे घरमालकांची संघटना आहे, आपण जिला सोसायटी म्हणू तशीच. तिचा नियम असा की पाटी लावायची तर खिडकीत लावा, किंवा घरालगतच्या फुलांच्या वाफ्यात, घरापासून तीन फुटांच्या आत. काही रहिवाशांनी याविरुद्ध भाषणस्वातंत्र्याचा दावा लावला. २००७ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला.

माझी भाची न्यू जर्सीत शाळेच्या शेवटच्या वर्षांत आहे. तिला अमेरिकी शासनव्यवस्था हा विषय आहे, आणि मामाने कधीकाळी कायद्याची पदवी घेतली होती एवढ्या भांडवलावर ती रविवारी फोन करते. ‘मामा, दोन्हीकडे पाटीच ना? मग एक जिंकली आणि एक हरली, असं कसं?’ तिच्या वहीत खटल्यांची नावं आणि सालं ओळीने लिहिलेली होती, पाढ्यांसारखी. मी म्हटलं, वही मिट आणि प्रत्येक खटल्याला आधी एकच प्रश्न विचार: हे केलं कोणी?

लाड्यूत पाटीला हरकत घेतली ती पालिकेने, म्हणजे सरकारने. ट्विन रिव्हर्समध्ये घेतली सोसायटीने, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खासगी संस्थेने. अमेरिकी घटना मुख्यतः सरकारचे हात बांधते. शेजारी, घरमालक, दुकानदार यांचे नाही. भाषणस्वातंत्र्याला संरक्षण देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीची सुरुवातच मुळी ‘काँग्रेस असा कायदा करणार नाही’ अशी आहे. आपलं १९वं कलम नागरिकापासून सुरू होतं, सर्व नागरिकांना अमुक हक्क असेल, असं. तिकडचं वाक्य सरकारला दटावण्यापासून सुरू होतं. समाजमाध्यमाच्या एखाद्या कंपनीने पोस्ट उडवली की ‘माझं घटनादत्त स्वातंत्र्य’ म्हणून जे हातवारे करतात, त्यांचा पाय इथेच घसरतो.

बरं, सरकार म्हणजे तरी कुठलं? इथे भाचीला मी थेट गाळात नेलं.

बॉल्टिमोरच्या बंदरात जॉन बॅरन यांचा भागीदारीतला धक्का होता. पाणी खोल, त्यामुळे मोठी जहाजं लागायची. शहराने रस्त्यांची कामं काढली, ओढ्यांचे प्रवाह वळवले, आणि पावसाबरोबर वाहून आलेली माती-रेती नेमकी या धक्क्यापाशी साचली. जहाजं येईनाशी झाली. पाचव्या घटनादुरुस्तीत लिहिलंय की सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतली तर योग्य मोबदला द्यावा लागेल. बॅरन म्हणाले, माझा धक्का घेतल्यासारखाच आहे, पैसे द्या. १८३३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी हात वर केले: १७९१ पासून लागू असलेल्या या पहिल्या दहा दुरुस्त्या, ज्यांना बिल ऑफ राइट्स म्हणतात, त्या फक्त केंद्र सरकारला बांधतात. राज्यांना नाही, राज्यांच्या शहरांनाही नाही.

याचा अर्थ किती मोठा आहे बघा. सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो तो गावच्या पोलिसाशी, शाळेशी, पालिकेशी, राज्याच्या कोर्टाशी. वॉशिंग्टनशी क्वचित. म्हणजे ज्या सरकारचा हात रोज खांद्यावर पडतो, त्याच्याविरुद्ध बिल ऑफ राइट्स निरुपयोगी. गुलामगिरी राज्यांच्या कायद्यांवर उभी होती, हे लक्षात घेतलं की ही फट कोणाला सगळ्यात जास्त जाचली तेही कळतं.

यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती आली. या विषयात एकच परिच्छेद पाठ करायचा असेल तर तिचं पहिलं कलम करा. त्यात राज्यांना नाव घेऊन बजावलंय: कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचंही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता काढून घेऊ नका, आणि कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारू नका. पहिल्या वाक्यांशाला ड्यू प्रोसेस म्हणतात, दुसऱ्याला इक्वल प्रोटेक्शन. पुढचं दीडशे वर्षांचं भांडण बहुतेक या दोन वाक्यांशांवरच आहे.

मग बॅरनचा निकाल गेला का? एका झटक्यात नाही. न्यायालयाने बिल ऑफ राइट्समधला एकेक हक्क ‘योग्य प्रक्रिये’च्या दारातून राज्यांवर लागू केला, आणि तेही कंजूषाच्या हाताने. भाषणस्वातंत्र्य राज्यांनाही बांधतं हे १९२५ च्या गिटलो खटल्यात मान्य झालं, पण गिटलो स्वतः हरलेच. शस्त्र बाळगण्याचा हक्क २०१० मध्ये आला. अवाजवी दंडाविरुद्धचं संरक्षण तर २०१९ मध्ये, इंडियाना राज्याने जप्त केलेल्या एका लँड रोव्हर गाडीच्या निमित्ताने. गाडीची किंमत त्या गुन्ह्याच्या कमाल दंडाच्या चौपट होती.

या रांगेतला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे क्लॅरेन्स अर्ल गिडियन. जून १९६१ मध्ये फ्लोरिडातल्या पनामा सिटीत बे हार्बर पूल रूम हा बिलियर्ड्सचा अड्डा कोणीतरी फोडला. यंत्रांतली चिल्लर आणि थोडी दारू गेली. आळ गिडियनवर आला. त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी कोर्टाकडे वकील मागितला. न्यायाधीशांनी सांगितलं की फ्लोरिडात मृत्युदंडाचा खटला असेल तरच सरकार वकील देतं. गिडियननी स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. तुरुंगात बसून त्यांनी तुरुंगाच्याच छापील कागदावर पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. मार्च १९६३ मध्ये न्यायालयाने एकमताने ठरवलं की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील देणं राज्याला बंधनकारक आहे. खटला पुन्हा चालला. या वेळी वकिलाने मुख्य साक्षीदाराची नीट उलटतपासणी घेतली, आणि ज्यूरीने तासाभरात गिडियनना निर्दोष सोडलं.

तोच माणूस, तोच आळ. बदलला तो फक्त शेजारच्या खुर्चीत बसलेला वकील.

गिडियनचा निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ मध्ये अशाच एका खटल्यात न्यायालयाने वकील नाकारला होता, तेव्हा याच ब्लॅक यांनी विरोधी मत नोंदवलं होतं. एकवीस वर्षांनी तेच मत कायदा झालं. भाचीला मी म्हटलं, यादी करण्यापेक्षा या एका न्यायाधीशाचा माग काढ, अर्धा अभ्यास होईल. अलाबामाचा हा माणूस तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेचा सभासद होता. १९४४ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना पश्चिम किनाऱ्यावरून हाकलण्याचा आदेश वैध ठरवणारा कोरेमात्सू निकाल त्यांचाच. आणि १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती लावून आलेल्या आयोवातल्या शाळकरी मुलांच्या बाजूने न्यायालयाने कौल दिला, तेव्हा भाषणस्वातंत्र्याचे हे कट्टर कैवारी त्या मुलांच्या विरोधात होते. मुलांनी शाळेत शिकावं, असं त्यांचं म्हणणं. निकालपत्रं बातमीसारखी वाचली की हे दिसत नाही. विरोधी मतासकट वाचली की दिसतं.

इथपर्यंत जे झालं ते नागरी स्वातंत्र्य: सरकारने काय करू नये. नागरी हक्क ही या विषयाची दुसरी बाजू, आणि तिथे प्रश्न उलटा होतो. माणसाला समान वागणूक मिळावी म्हणून सरकारने मधे पडावं का? पडायचं तर कुठल्या अधिकाराने?

१८७५ मध्ये काँग्रेसने कायदा केला की प्रवाशांच्या मुक्कामाची हॉटेलं, नाट्यगृहं, प्रवासाची साधनं वंशाचा भेद न करता सर्वांना खुली हवीत. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उडवला. कारण? तेच. हे केलं कोणी? हॉटेलच्या मालकाने, राज्याने नव्हे. चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, मालकाला नाही. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन एकटे विरोधात राहिले.

इथे मराठी वाचकाला महाड आठवायला हवं. चवदार तळ्याच्या बाबतीत सरकार आडवं नव्हतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. पाणी घेऊ देत नव्हते ते गावकरी. म्हणजे फक्त सरकारला बांधणारा हक्क महाडला कुचकामी होता. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, अमेरिकेचा हा इतिहास त्यांना ठाऊक होता. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला आहे. आपल्या घटनेच्या १५व्या कलमाचं दुसरं उपकलम काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, सगळं नावानिशी आहे. अस्पृश्यता नष्ट करणारं १७वं कलम तर सरकार आणि शेजारी असा फरकच करत नाही.

अमेरिकेला हे करायला १९६४ उजाडावं लागलं, आणि मार्ग भलताच आडवळणाचा. चौदाव्या दुरुस्तीवर १८८३ च्या निकालाचं कुलूप होतंच, म्हणून त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याचा मुख्य भार टाकला गेला राज्याराज्यांतल्या व्यापारावर नियंत्रण ठेवण्याच्या काँग्रेसच्या अधिकारावर. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये ओलीज बार्बेक्यू नावाचं २२० खुर्च्यांचं घरगुती हॉटेल होतं. नोकरांतले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाईकाला आत बसायला मज्जाव, पार्सल घेऊन जायचं. न्यायालयाने त्यांची खरेदी तपासली. वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचा किराणा आणि मांस, त्यातलं ६९,६८३ डॉलरचं मांस गावातल्याच पुरवठादाराकडून, पण त्याने आणलेलं परराज्यातून. म्हणजे व्यापार आंतरराज्यीय, म्हणजे काँग्रेसला अधिकार, म्हणजे सर्वांना आत बसू द्या. निकाल एकमताने. माणसाच्या मानाचा खटला मांसाच्या हिशेबावर जिंकला गेला, याचं मला अजूनही जरा ओशाळल्यासारखं होतं. पण दार उघडलं, हेही खरंच.

कायद्याने मिळालेल्या हक्काला कायद्याच्या शब्दांची मर्यादा असते. १९६४ च्या कायद्यात वंश, रंग, धर्म, मूळ देश यांची नावं आहेत, नोकरीच्या प्रकरणात लिंगाचंही. जातीचं नाव नाही. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीय भेदभावाला नाव घेऊन बंदी केली, तेव्हा तिकडच्या मराठी घरांतही वाद झाले. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक संमत झालं, पण आधीचे कायदे पुरेसे आहेत असं सांगून गव्हर्नरने ते अडवलं.

‘सरकार की खासगी’ ही रेष दिसते तितकी सरळ नाही. अलाबामातलं चिकासॉ हे गाव पूर्णपणे एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. रस्ते, दुकानं, घरं, सगळं. आपल्याकडची किर्लोस्करवाडी किंवा वालचंदनगर डोळ्यांसमोर आणा. तिथे धार्मिक पत्रकं वाटणाऱ्या ग्रेस मार्श यांना अटक झाली. १९४६ मध्ये न्यायालय म्हणालं, जी कंपनी गावासारखं गाव चालवते, तिला गावाचेच नियम लागू. निकाल लिहिणारे पुन्हा ह्यूगो ब्लॅक. दोन वर्षांनी सेंट लुईसमधल्या एका घराचा खटला आला. आसपासच्या मालकांनी आपसांत करार केला होता की घरं कृष्णवर्णीयांना द्यायची नाहीत. करार खासगीच. पण तो मोडणाऱ्याला घराबाहेर काढायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो, आणि कोर्ट हे सरकार आहे! असे करार कोर्टात बजावता येणार नाहीत, असं ठरलं.

सरकारनेच केलं हे एकदा ठरलं, की समानतेच्या खटल्यात पुढचा प्रश्न येतो: सरकारकडे कारण किती भक्कम होतं? यासाठी न्यायालयाकडे तीन चाळण्या आहेत. गव्हाची चाळण मोठ्या भोकांची. धंद्या-व्यवसायाचे बहुतेक नियम तिच्यातून सहज पडतात, कारण वाजवी वाटेल असं काहीही चालतं. रव्याची चाळणी मधली, स्त्री-पुरुष भेदासाठी. ओक्लाहोमात सौम्य बिअर मुलींना अठराव्या वर्षी आणि मुलांना एकविसाव्या वर्षी विकत मिळायची. तो नियम १९७६ मध्ये याच चाळणीत अडकला. मैद्याची चाळणी वंशाच्या भेदासाठी. वेगवेगळ्या वंशांच्या माणसांनी लग्न करू नये हा व्हर्जिनियाचा कायदा १९६७ मध्ये तिच्यात अडकला. २०२३ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशातला वंशाचा विचारही तिच्यातच अडकला, यावर अमेरिकेत आजही घरोघरी भांडणं होतात. गंमत म्हणजे वंशभेदाची कठोरात कठोर तपासणी हवी हे वाक्य आलं ते त्याच कोरेमात्सू निकालात, आणि ते लिहून न्यायालयाने आदेश मात्र वैध ठरवला. चाळणी हातात घेतली म्हणजे चाळलंच असं नाही.

आणि कागदावर कायदा निर्दोष असला म्हणून भागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नियम होता की लाकडी इमारतीत धुलाईचा धंदा करायचा तर परवाना घ्या. आगीची भीती, कारण रास्त. शहरातल्या सुमारे ३२० धुलाईघरांपैकी ३१० लाकडी होती. दोनशेच्या आसपास चिनी मालकांनी परवाना मागितला, एकालाही मिळाला नाही. बाकीच्यांपैकी एक वगळता सगळ्यांना मिळाला. १८८६ मध्ये न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. हे चिनी धोबी अमेरिकेचे नागरिक नव्हते. चौदाव्या दुरुस्तीतली ती दोन वाक्यं ‘नागरिक’ म्हणत नाहीत, ‘व्यक्ती’ म्हणतात. एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या ज्यांना वाटतं की आपण इथले नाही, आपल्याला कसले हक्क, त्यांनी हा खटला जरूर वाचावा.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, ‘म्हणजे सोसायटीपुढे काहीच चालत नाही.’ तेव्हा मी तिला तिसरी पाटी सांगितली.

न्यू जर्सीतच पार्सिपनीला वसीम खान नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभे होते. त्यांनी स्वतःच्या घराच्या खिडकीत आणि दारावर स्वतःच्याच प्रचाराचे फलक लावले. त्यांच्या सोसायटीत ‘विकणे आहे’ सोडून कसल्याच पाटीला जवळपास परवानगी नव्हती. केंद्राच्या घटनेत त्यांना आधार नव्हता, कारण सरकारने काही केलंच नव्हतं. पण प्रत्येक राज्याला स्वतःची घटना असते, आणि न्यू जर्सीच्या घटनेतलं कलम ‘प्रत्येक व्यक्ती आपलं मत मोकळेपणी मांडू शकेल’ अशा शब्दांत आहे, सरकारला दटावून सुरू होत नाही. त्या कलमाची ढाल काही वेळा खासगी मालकापुढेही धरता येते. ट्विन रिव्हर्सच्या रहिवाशांनी तीच धरली होती, पण त्यांना खिडकी आणि वाफा तरी मोकळा होता. खान यांना खिडकीही नव्हती. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने खान यांच्या बाजूने निकाल दिला.

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिने विचारलं, ‘आमच्या सोसायटीची नियमावली कुठे असते रे?’